कुत्र्याचे दुखणे : थांबायचे कधी, धावायचे कधी?

दारातला कुत्रा एकदा ओकला, पण पाणी पितो, शेपटी हलवतो, तर सकाळपर्यंत थांबू. मात्र हिरड्या पांढऱ्या पडल्या, धाप लागली, पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या आल्या, लघवी अडली, आकडी ५ मिनिटांत थांबली नाही किंवा फुरसे चावले, तर रात्र असली तरी थांबू नये. गुहागरच्या पशुवैद्यकांचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवू. माणसांच्या तापाच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत.

जबडा लोंबतो, लाळ गळते? हाड अडकले समजून तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकतो. चावा, ओरखडा झाला तर साबण-पाण्याने १५ मिनिटे जखम धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद-मिरची, अंगारा नको. लक्षणे दिसल्यावर माणूस वाचत नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.