पिसं झडली म्हणून तलंगांना बाजार दाखवू नका



उसाचं बिल यायचं तेव्हा येतं. मधल्या काळात घरातलं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या हे अनेक वस्त्यांवर अंड्यांच्या पैशावरच भागतं. म्हणून परसातल्या दहा-पंधरा कोंबड्यांचा विषय आम्ही किरकोळ समजत नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांची पिसं झडू लागली की रोग आला असं समजून पुष्कळ जण ती आठवडे बाजारात मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. पुढे काही महिन्यांत अंड्यावर आली असती ती तलंग अशी व्यापाऱ्याच्या पाटीत जाते.

पिसं का झडतात?

ऊस वाढतो तशी त्याची खालची पानं वाळून पाचट होतं, शेंडा मात्र हिरवागार असतो. म्हणून ऊस रोगट झाला असं आपण म्हणत नाही. पिल्लाचंही तसंच आहे. अंड्यातून निघताना अंगावर नुसती लव असते. पाच-सहा आठवड्यांत तिच्या जागी पिसं येतात. साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान हीही पिसं गळून मोठी, पक्की पिसं येतात. याच सुमारास नराच्या मानेवर टोकदार पिसं दिसू लागतात.

ओळखायचं कसं?

पिल्लू हातात घ्या आणि पिसं फुंकून कातडी पाहा. झडलेल्या जागी नव्या पिसांच्या बारीक नळ्या दिसल्या, दोन्ही बाजूंना सारखीच गळ असली आणि पिल्लू खात-उकरत असलं, तर काळजी नको. त्या नळ्यांत रक्त असतं, त्या उपटू नका.

मात्र कातडी उघडी, लाल किंवा जखमी दिसली तर कारण शोधा. पाठीवर, शेपटीच्या बुडाशी जखमा असल्या तर पिल्लं एकमेकांना टोचत आहेत. खुराड्यात दाटी झाली असेल. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लामागे एक चौरस फूट आणि पुढे दोन चौरस फूट जागा लागते. रक्त निघालेलं पिल्लू लगेच वेगळं ठेवा, नाहीतर बाकीची त्यालाच टोचतात.

पंखाखाली, गुदद्वाराभोवती उवा आणि पिसांच्या बुडाशी लिखा चिकटलेल्या दिसतात. रक्त पिणारे बारीक तांबडे किडे दिवसा खुराड्याच्या फटीत दडतात, म्हणून रात्री बॅटरी घेऊन पाहा. कोरडी माती आणि चुलीची राख एका घमेल्यात ठेवा, कोंबड्या त्यात लोळून अंग साफ करतात. तेवढ्यानं भागलं नाही तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणा. लिखा औषधानं मरत नाहीत, म्हणून ते आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावं लागतं. उसासाठी आणलेली कीटकनाशक पावडर कोंबडीच्या अंगाला कधीही चोळू नका. कोंबडी दगावते, वाचली तर तेच विष अंड्यात उतरतं आणि आपल्याच लेकरांच्या पोटात जातं.

खायला काय द्यावं?

पिसाचा शंभरातला ऐंशीहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. नुसत्या कण्या आणि कोंडा टाकून ती कुठून येणार? तीन ओंजळी ज्वारी-मक्याच्या भरड्याला एक ओंजळ पेंड आणि मूठभर सुकट मिसळावी. पिसाच्या प्रथिनात गंधक असतो. तसं प्रथिन शेंगदाणा पेंडीत कमी, सुकटात चांगलं असतं. म्हणून कोणी गंधकाची पूड चारू नये, ती उपयोगाची नाही. बुरशी लागलेली पेंडही नको. खाली पसरायला भाताचं तूस किंवा खडखडीत वाळलेला बगॅस चालतो, ओला मात्र बुरशी धरतो.

पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात बसलं, हिरवट हगलं किंवा मान वाकडी करू लागलं, तर ती पिसांची गळ नव्हे, मानमोडी असू शकते. त्याला वेगळं ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाजारात मात्र नेऊ नका, नाहीतर तो रोग दुसऱ्याच्या दारी जाईल.

बाकी वेळी आधी फुंकर मारून पाहा. खाली नवी नळी दिसली तर तलंग घरीच ठेवा.