शाळा मुलाच्या अंगणात
(बोर्डी-कोसबाडच्या कार्यातून मिळणारे नेतृत्वाचे धडे)

‘शाळेचे नेतृत्व’ हे शब्द उच्चारले की मुख्याध्यापकाची खुर्ची, शिक्का आणि सहीचा अधिकार यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु एक-शिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत घंटा देणे, पत्रके भरणे, शिकविणे आणि गावकऱ्यांना सांभाळणे ही सर्व कामे एकाच शिक्षकाच्या वाट्याला येतात. हुकूम सोडावा असे तेथे कोणी नसते. अशा ठिकाणी नेतृत्व म्हणजे अधिकार नव्हे. समोर आलेली अडचण स्वतःची मानून तिच्यावर प्रथम आपण पाऊल उचलणे, हेच नेतृत्व होय. या दृष्टीने ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य प्रत्येक ग्रामशिक्षकाने अभ्यासावे असे आहे.

ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य केले व १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसोरी पद्धतीचा त्यांचा व्यासंग मोठा होता. परंतु ही पद्धती शहरांतील सुस्थित घरांतच अडकून पडली आहे, हे त्यांना जाणवू लागले. म्हणून १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी पुण्यातील अध्यापनाचा अनुभव पाठीशी असलेल्या अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे वय तेव्हा पस्तीस वर्षांचे होते.

पहिला धडा : दोष प्रथम शाळेत शोधावा

बालवाडी उघडली म्हणजे मुले येतील, ही अपेक्षा बोर्डीत फोल ठरली. गरीब वस्त्यांतील मुले येईनात. अशा वेळी ‘पालकांना शिक्षणाची आस्था नाही’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते. या दोघींनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असा विचार करून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरविली. मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला ही अंगणातली बालवाडी उभी राहिली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

दुसरा धडा : प्रत्येक गैरहजेरीचे कारण निराळे असते

१९५७ साली हे कार्य डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथील वारली पाड्यांतील मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेता कारणे वेगवेगळी निघाली. आईबाप मजुरीला गेले की धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम मोठ्या मुलीकडे येई. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभारण्यात आली. भावंड पाळण्यात निजले, की बहीण वर्गात बसू शके. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, तीच ‘कुरणशाळा’. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. एकाच हजेरीपटावरील ‘गैरहजर’ या एका शब्दामागे तीन कारणे होती, आणि तिन्हींवर तीन निराळे उपाय करावे लागले. कुरणात शिकविणे सोपे नव्हे. गुरू पिकाकडे वळले की धडा सोडून मुलाला धावावे लागणारच. पण अर्धवट राहिलेला धडा हा न झालेल्या धड्याहून केव्हाही बरा.

तिसरा धडा : साधनांची वाट पाहू नये

माँटेसोरीची मूळ साधने महाग. खेड्यात ती आणावयाची कोठून? ताराबाईंनी साधनामागील तत्त्व कायम ठेवले व साधन बदलले. खडे, शिंपले, बिया, पाने आणि फुले यांतून मोजणे, जुळवणे व क्रम लावणे शिकविता येते. अनुदान मिळेपर्यंत थांबले असते, तर त्या पिढीचे बालपण सरून गेले असते.

चौथा धडा : काम व्यक्तीवर अडून राहू नये

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. परंतु कार्य थांबले नाही. अठ्ठावीस वर्षे त्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्या अनुताईंनी ते १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत चालविले. सहकाऱ्याला केवळ कामे सांगणारा प्रमुख मागे पोकळी ठेवून जातो. सहकाऱ्याला निर्णयात सहभागी करणारा प्रमुख मागे माणसे ठेवून जातो. बदलीचा हुकूम येताच ज्या शाळेतील उपक्रम बंद पडतात, तेथील शिक्षकाने या धड्याचा विशेष विचार करावा.

आजच्या शाळेसाठी

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे. तरीही ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाबरोबर मूल गावाबाहेर पडते, आणि पटावर नुसते नाव उरते. मूल परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. लाजेने ते मागे बसते, आणि एके दिवशी येईनासे होते. ते मूल जाण्यापूर्वी पालकांना भेटणे, ते कोठे जाणार याची नोंद घेणे, तेथील शाळेशी संपर्क साधणे आणि परतल्यावर त्याच्यासाठी रोज अर्धा तास राखून ठेवणे, एवढे तरी शिक्षकास करता येईल. यासाठी वेगळ्या अधिकारपदाची गरज नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पटावरील सतत गैरहजर राहणाऱ्या प्रत्येक मुलाचे खरे कारण आपणास ठाऊक आहे काय? ते कोणाकडून कळले?
२. त्यांपैकी कोणते कारण शाळेची वेळ, जागा किंवा रीत बदलल्याने दूर होईल?
३. या कामी शाळा व्यवस्थापन समिती व अंगणवाडी सेविका यांचे कोणते साहाय्य घेता येईल?
४. आपली उद्या बदली झाली, तर आपला कोणता उपक्रम चालू राहील व तो कोण चालवील?

या प्रश्नांची उत्तरे देताना संख्येऐवजी मुलांची नावे घ्यावीत. ज्या मुलाचे नाव आणि कारण शिक्षकास ठाऊक असते, ते मूल सहसा हातचे जात नाही.