अन्ननलिकेचे ऑपरेशन : सर्जनचा हात किती बसला आहे?

गेल्या महिन्यात एक वयस्क शेतकरी मुलाला घेऊन माझ्याकडे आले. दोन महिने भाकरीचा घास छातीत अडकत होता. आता मऊ भातही पाण्याच्या घोटाबरोबरच उतरे. दुर्बिणीने तपासून तुकडा पाठवला. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन तुम्हीच करा. आमचा तुमच्यावर विश्वास आहे." मी नाही म्हणालो. दोघांची तोंडे उतरली.

हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय ही माझी रोजची कामे. त्यात हात बसला आहे. अन्ननलिकेचे काम निराळे. ती हृदयाच्या मागे, श्वासनलिका आणि महारोहिणीला चिकटून असते. पोट आणि बहुधा छातीही उघडून ती गाठींसह काढायची, जठराची नळी करून वर ओढायची आणि छातीत किंवा मानेत जोडायची. पुष्कळ इस्पितळांत हे आता दुर्बिणीतूनही करतात. पण हा जोड गळला, तर घाण छातीत पसरते. म्हातारपणी, त्यात विडी ओढणाऱ्याला, न्यूमोनियाचीही भीती असते.

२००३ साली अमेरिकेत डॉ. बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी वृद्धांच्या सरकारी विमा योजनेतील नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाला दोनपेक्षा कमी अशी ऑपरेशने करणाऱ्या सर्जनांचे शंभरातले सुमारे १९ रुग्ण दगावले. सहापेक्षा जास्त करणाऱ्यांचे सुमारे ९. आकडे जुने आहेत, मृत्यूचे प्रमाण त्यानंतर चांगल्या केंद्रांत बरेच उतरले आहे. पण फरक लक्षात घ्या, दुपटीचा! नेदरलँड्समध्ये तर २००६ पासून इस्पितळाने वर्षाला किमान १० आणि २०११ पासून किमान २० अशी ऑपरेशने केली पाहिजेत, असा दंडकच झाला.

अनुभव म्हणजे पांढरे केस नव्हेत. हजार हर्निया केलेला सर्जन या कामात नवखाच. शिवाय सगळे एकट्या सर्जनच्या हातात नसते. गुंतागुंत मोठ्या इस्पितळातही होते. पण चौथ्या दिवशी नाडी वाढली, किंचित ताप आला की तिथली नर्सही सावध होते, कारण गळलेला जोड तिने पूर्वी पाहिलेला असतो. रात्री दोनला भूलतज्ज्ञ आणि सीटी स्कॅन हाताशी असतात. रुग्ण वाचतो तो पुष्कळदा तिथेच.

म्हणून सर्जनला सरळ विचारा : हे ऑपरेशन तुम्ही गेल्या वर्षी किती केली? त्यातले किती रुग्ण घरी गेले? विचारताना संकोच वाटतो, ठाऊक आहे. चांगला सर्जन रागावत नाही. मात्र चौकशीत महिने घालवू नका. अनेकांना आधी केमोथेरपी, काहींना किरणोपचारही द्यावे लागतात, तेही तिथेच ठरते. तपासणीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा बरोबर न्या. तंबाखू, विडी आजच बंद करा. तोवर दूध, अंडे, पातळ खिमट, जे उतरेल ते थोडे थोडे पोटात जाऊ द्या, वजन घटू देऊ नका.

त्या गृहस्थांना चिठ्ठी देऊन परळच्या टाटा रुग्णालयात पाठवले आहे. मुंबईत राहायचे कुठे, हा मुलाचा पहिला प्रश्न होता. तो खराच मोठा. धर्मशाळांची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करा, असे सांगितले. परत आल्यावर खाण्यापिण्याची आणि वजनाची देखरेख मात्र माझ्याकडे राहणार आहे.