सोळा क्रमांकाची जर्सी

१४ ऑगस्ट २०२४ रोजी हॉकी इंडियाने जाहीर केले की, गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांचा १६ हा क्रमांक पुरुषांच्या वरिष्ठ संघात यापुढे कोणालाही मिळणार नाही. याला जर्सी निवृत्त करणे म्हणतात. हा मान योग्य की अयोग्य, यावर आमच्या वरच्या वर्गांत चांगलाच वाद रंगला. म्हणून या अंकात हाच विषय घेतला आहे.

मान मोठा, तसे कामही मोठे होते. टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ रोजी भारत जर्मनीविरुद्ध ५-४ असा पुढे होता. सामना संपायला काही सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि श्रीजेश यांनी तो अडवला. ४१ वर्षांनी हॉकीत ऑलिंपिक पदक आले. पॅरिसला ४ ऑगस्ट २०२४ च्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळाले, आणि चाळीस मिनिटांहून अधिक काळ आपले दहाच खेळाडू ब्रिटनशी झुंजले. १-१ अशी बरोबरी, मग शूटआउटमध्ये ४-२ असा विजय. चार दिवसांनी स्पेनला २-१ ने हरवून पुन्हा कांस्यपदक! ३३६ आंतरराष्ट्रीय सामने खेळून श्रीजेश थांबले.

मात्र ही प्रथा आपल्या हॉकीतली नाही, ती बर्फावरच्या हॉकीतून आली आहे. कॅनडातील टोरांटो मेपल लीफ्स संघाचे एस बेली डिसेंबर १९३३ मध्ये सामन्यात धक्का लागून पडले, कवटी फुटली. जीव वाचला, पण खेळ संपला. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांच्या मदतीसाठी सामना झाला आणि त्यांचा ६ क्रमांक निवृत्त करण्यात आला. पुढची गोष्ट आम्हाला अधिक आवडते. १९६८ साली खुद्द बेलींनीच रॉन एलिस या तरुण खेळाडूने आपला क्रमांक घालावा अशी इच्छा व्यक्त केली, आणि एलिस पुढे अनेक वर्षे ६ घालूनच खेळले.

या प्रथेची अडचणही आहे. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाने आजवर १५ क्रमांक असे बाजूला ठेवले आहेत. दोन अंकी आकडे काही अमर्याद नाहीत! टोरांटोने तर दीर्घकाळ दोनच क्रमांक निवृत्त केले होते. बाकी थोरांचे क्रमांक गौरवून खेळात चालू ठेवले. २०१६ मध्ये मात्र त्यांनी ते धोरण सोडले.

आम्हाला टोरांटोची जुनी रीत पटते. मोठ्या खेळाडूचा क्रमांक कपाटात गेला की लहान मुलाचे एक स्वप्न कमी होते. आणि स्मरणाला आकडाच हवा असे थोडेच आहे? ध्यानचंदांचे धाकटे बंधू रूपसिंह शिंदे सरकारच्या लष्करात होते. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवरील २४-१ विजयात एकट्या त्यांचे दहा गोल होते. ग्वाल्हेरचे मैदान त्यांच्या नावाचे आहे. तिथे २०१० मध्ये सचिन तेंडुलकरने दोनशे धावा केल्या, तेव्हा रूपसिंहांचे नाव क्रिकेटवाल्यांच्याही तोंडी आले. यापेक्षा चांगले स्मारक ते कोणते?

तरीही हॉकी इंडियाच्या निर्णयातली एक बाजू आम्हाला मान्य आहे. बंदी फक्त वरिष्ठ संघापुरती आहे, कनिष्ठ संघात १६ क्रमांक चालू राहील. त्याच कनिष्ठ संघाचे प्रशिक्षकपद श्रीजेश यांच्याकडे आले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये या मुलांनी पाकिस्तानला ५-३ ने हरवून आशिया चषक जिंकला.

आपल्या शालेय संघाच्या नव्या जर्सी यंदा शिवायच्या आहेत. दोन गोलरक्षकांनी १६ मागितला आहे, तर काही पालकांच्या मते आदर म्हणून तो कोणालाच देऊ नये. आमचे मत वर आलेच आहे. विश्वस्त मंडळाने १६ क्रमांक शिवून घ्यावा. दोघांपैकी तो कोणाला, हे सरावात ठरेल.