शेरा आणि नोंद

चि. ताईस,

तुझे पत्र पोचले. बालवाडीत रुजू होताच प्रबंधाचा विषयही मुक्रर झाला, हे वाचून संतोष वाटला. तथापि ‘सकाळी शिकवीन आणि दुपारी संशोधन करीन’ असे जे तू लिहिले आहेस, तेथे मी अडखळले, कारण तीन-चार वर्षांच्या मुलांपाशी ही दोन कामे निरनिराळ्या प्रहरांची असतात असे मला कधी आढळले नाही.

१९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत डॉ. माँटेसोरी यांनी बालगृह उघडले, तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी दट्टापेटीच्या, म्हणजे खाचांच्या लाकडी ठोकळ्याच्या, खाचांतले दट्टे काढून पुनःपुन्हा बसवीत असता, बाईंनी तिला ना शाबासकी दिली ना टोकले. त्या आवर्तने मोजीत राहिल्या, इतर मुलांना गावयास लावले, अखेर तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी ती दट्टे मांडीवर सावरून आपल्या कामात गढलेलीच राहिली, आणि चाळिसांहून अधिक आवर्तनांनंतर आपण होऊन थांबली. हा वर्ग की प्रयोगशाळा, याचा निवाडा तूच कर.

आता माझी कैफियत ऐक. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पाच वर्षांच्या मुलापुढे मी ‘अवधान नाही’ असा शेरा मारला, कारण साहित्य पुढ्यात ठेवले तरी त्याची दृष्टी दाराकडे. तीन आठवड्यांनी, मुलांना घरून बोलावून आणणाऱ्या आमच्या बाई, ज्यांना अक्षरओळखही नव्हती, सहज म्हणाल्या, ‘‘त्याची धाकटी बहीण बाहेर पायरीवर बसते ना!’’ त्याचे अवधान अखंड होते. ते माझ्या दट्ट्यांवर नव्हते, इतकेच. मी पंचनाम्याच्या जागी निकाल लिहून मोकळी झाले होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची थोरवी मला नेमकी येथे दिसते. १९४५ साली बोर्डीस काम सुरू केल्यावर मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि तीच अंगणवाडी. महागड्या साहित्याऐवजी शंख, बिया, खडे, पाने घेतली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि पाठच्या भावंडाला सांभाळणारे मूल शाळेस मुकू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदविणाऱ्या विकासवाडीची तजवीज झाली. माझ्या त्या मुलाची बहीण तेथे पायरीवर बसली नसती.

म्हणून ‘हट्टी’, ‘लाजाळू’ ही विशेषणे तूर्त वर्ज्य समज. कोणी, केव्हा, कितीदा, कोणाच्या शेजारी बसून काय केले, एवढाच मजकूर असावा. मापनपट्ट्या नंतर लावता येतील. त्यांची घाई मार्गदर्शकांना असते, मुलांना नसते.

सोबत कोरी वही पाठविते. डाव्या पानावर घडले ते, उजव्या पानावर तुला वाटले ते. उजवी बाजू दिवाळीपर्यंत रिकामी राहिली तरी हरकत नाही. आणि तुझ्याकडे मुलांना बोलावून आणणाऱ्या बाईंचे नाव पत्रात कोठेच आले नाही. ते उलट टपाली कळव.

तुझी,
आत्या