गल्लीतल्या बिबट्याचा फोटो



फोटोतून बातमी सांगणाऱ्याला छायापत्रकार म्हणतात. कोणी सभेचे फोटो काढतात, कोणी रानाचे आणि प्राण्यांचे. मला आधी वाटायचं, यात काय अवघड आहे? कॅमेरा घेतला की झालं.

पण गेल्या पावसाळ्यात आमच्या उसात बिबट्या आला. आमच्या मोत्याला त्याने नेले. मोत्या आमचा कुत्रा. वस्तीवरची सगळी माणसं मोबाईल घेऊन बांधावर पळाली. मी पण गेले. फोटोत नुसता ऊसच आला. बाबांना रात्री उसाला पाणी द्यायला जावं लागतं, कारण वीज रात्रीची असते. ते घरी येईपर्यंत मला झोप येत नाही.

हे मी वर्गात सांगितले. तेव्हा बाईंनी श्री. नयन खानोलकर यांनी काढलेला एक फोटो दाखवला. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आहे. त्याला लागून आरे दूध वसाहत आहे. तिथे वारली लोकांचे पाडे आहेत. फोटोत घराजवळचा अरुंद बोळ आहे, दिव्याचा उजेड आहे आणि बिबट्या चाललाय. फोटोचे नाव 'द ॲली कॅट', म्हणजे गल्लीतलं मांजर. त्यावर सगळा वर्ग हसला. मी नाही हसले.

खानोलकरांनी आधी पाड्यातल्या लोकांना आपला बेत सांगून राजी केले. मग फ्लॅश असे लावले, की गल्लीतल्या रोजच्या दिव्यांसारखा उजेड पडेल. अशा कामात कॅमेरा एका जागी बसवतात आणि डोळ्यांना न दिसणारा किरण आडवा सोडतात. प्राणी त्यातून गेला की फोटो आपोआप निघतो. याला कॅमेरा-सापळा म्हणतात, पण यात प्राणी अडकत नाही. कित्येक आठवडे गेले. काम सोडून द्यायचे ठरले होते, त्याच आठवड्यात बिबट्या आला! २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत हा फोटो शहरी विभागात पहिला आला.

बिबट्या तिथे मुख्यतः भटकी कुत्री खायला येतो. तिथेही माणसांवर हल्ले झालेत. पण वारली लोक त्याला ओळखून राहतात. भिंतीवरच्या चित्रांतही त्याला काढतात.

मी विचारले, "बाई, आमचा बिबट्या पकडून लांब सोडला तर?" बाईंनी सांगितले, जुन्नर भागात हे करून झाले आहे. तिथे वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. २००१ पासून पुष्कळ बिबटे पकडून दुसऱ्या रानात सोडले, तेव्हा ते वर्षाला १७ झाले. नव्या जागी सोडलेला बिबट्या बावरतो. रिकाम्या जागी दुसराही येतो. हे ऐकून मला जास्तच भीती वाटली.

घरी बाबांना फोटोची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "फोटोतला बरा गं, उसातला नको." आता ते एकटे जात नाहीत. काका बरोबर असतात. दोघे बॅटरी लावून मोठमोठ्याने बोलत जातात. आम्ही नवीन पिल्लू आणलंय. ते रात्री घरात, माझ्या अंथरुणाजवळ झोपतं.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी