चिकाटीचे शिक्षण

शाळा सुरू होऊन महिना लोटला नाही तोच वर्गातील काही मुले ‘हुशार’ ठरतात व काही ‘ढ’ ठरतात. या निवाड्याची हजेरीपटावर नोंद होत नाही. परंतु मुलास तो वर्षभर पुरतो, आणि पालकांच्या कानी गेला तर जन्मभर पुरतो. ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही, गुरे तरी राखील,’ असे घरात एकदा ठरले म्हणजे त्या मुलाची शाळा सुटण्याच्या वाटेस लागते. म्हणून उपजत बुद्धी मोठी की सतत उद्योग मोठा, हा प्रश्न खेड्यातील शिक्षकास केवळ वादविवादाचा विषय म्हणून सोडून देता येत नाही.

या बाबतीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र मननीय आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. बालपण कोकणात मुरूड येथे गेले. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास जाणे भाग होते. शंभराहून अधिक मैलांची ती वाट त्यांनी सोबत्यांसह भर पावसात, सह्याद्री ओलांडून पायी तुडविली. तेथे पोचल्यावर वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. आले तसे परत जावे लागले. पुढे कोल्हापूरहून ते तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, तेवीस वर्षांचे असताना, बी. ए. झाले १८८४ मध्ये. वयाच्या हिशेबाने पाहणाऱ्यास हा विद्यार्थी मागे पडलेलाच वाटेल.

कर्वे यांस बुद्धी नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १८९१ पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. तथापि त्या काळच्या पुण्यात त्यांच्याहून तेजस्वी बुद्धीची व प्रभावी वाणीची माणसे थोडी नव्हती. कर्वे स्वभावाने बुजरे, बोलण्यात साधे. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रमाचे कार्य आरंभिले व १९०० मध्ये हिंगणे येथे झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील काम संपल्यावर सुमारे चार मैल चिखल तुडवीत ते हिंगण्यास जात, तेथे शिकवीत आणि सकाळी पुन्हा पुण्यास कामावर येत. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षणाचे मंडळ काढून लहानसहान वर्गण्या गोळा करण्यास ते स्वतः पायी हिंडू लागले. खेड्यातील शिक्षकाने ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

परंतु चिकाटी म्हणजे तेच ते करीत राहणे नव्हे. चुकीच्या वळणाचे अक्षर पन्नास वेळा गिरविणारा मुलगा चुकीचाच अभ्यास पक्का करीत असतो, आणि असा अभ्यास शिक्षा म्हणून देणारा शिक्षक त्यास हातभार लावतो. सतराचा पाढा म्हणताना मुलगा ‘सतरा साते’ येथे अडखळत असेल, तर प्रत्येक वेळी आरंभापासून पाढा म्हणविण्यात काय हशील? साते, आठे, नवे एवढेच सुटे करून घ्यावे, खडे मांडून दाखवावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. अडलेली जागा नेमकी शोधणे हे शिक्षकाचे काम. तेथे टिकून राहणे हे मुलाचे.

शाबासकीचाही विचार करावा. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेतील पाचवीच्या मुलांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले होते, ती अवघड प्रश्नांत अपयश येताच लवकर खचली. ‘तू मेहनत केलीस’ असे ज्यांना म्हटले, ती अधिक टिकून राहिली. केवळ शब्द बदलल्याने वर्ग पालटतो असे मानणे भाबडेपणाचे होईल, कारण उपाशी वा आजारी मुलास शाबासकी पुरत नाही. तरीही ‘हुशार’ मुलाचा येथे होणारा तोटा आपल्याकडे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

एक उपाय कोणत्याही शाळेत करता येईल. जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून शुद्धलेखनाचे एक पान व गणिताची पाच उदाहरणे कोऱ्या कागदावर करून घ्यावी, तारीख घालून ती जपून ठेवावी. दिवाळीच्या सुटीपूर्वी तसाच दुसरा कागद करून घ्यावा. पालक शाळेत येतील तेव्हा दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवावेत. शेजारच्या मुलाचा कागद मात्र दाखवू नये.